जुन्या ट्रकचे वायपर पुन्हा पुन्हा बंद पडतात तेव्हा

जुन्या ट्रकच्या वायपरबद्दल नेहमी ऐकू येणारी तक्रार साधारण अशी असते: पाऊस सुरू झाल्यावर वायपर बरे चालतात, काही मिनिटांत त्यांची गती मंदावते, मग ते काचेच्या मध्यावरच थांबतात आणि थोड्या वेळाने कोणी हात न लावता पुन्हा हलू लागतात. मोटर बदलली की काही महिने बरे जातात आणि मग तोच प्रकार नव्याने सुरू होतो. उडालेला फ्यूज किंवा सुटलेली वायर कोणालाही लवकर सापडते. परत परत येणारा दोष तसा सापडत नाही, कारण ज्या भागाची दुरुस्ती होते तो भाग बहुतेक वेळा मूळ दोषी नसतो.

वायपरची मोटर आपणहून क्वचितच जळते. तिच्यावरचा भार वाढलेला असतो, किंवा तिच्यापर्यंत विजेचा पुरेसा दाब (व्होल्टेज) पोहोचत नसतो, किंवा तिच्यात पाणी शिरत असते, आणि या तिन्ही गोष्टींचे मूळ मोटरच्या बाहेर असते. म्हणून जुनी मोटर कशामुळे खराब झाली हे कळल्याशिवाय नवी मोटर बसवू नये, असे माझे ठाम मत आहे.

हात घालण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवावी. वीज लागेल त्या तपासणीपुरतीच ती पुन्हा जोडावी. मोटरमधील वर्म गिअरमुळे (गती कमी करून जोर वाढवणाऱ्या दातेरी जोडीमुळे) क्रँकला, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरील छोट्या दांड्याला, बराच जोर मिळतो आणि ती हालचाल वायपरपर्यंत नेणाऱ्या लिंक रॉडमध्ये बोट सापडल्यास गंभीर इजा होते. स्विच बंद आहे म्हणून निर्धास्त राहणेही योग्य नाही, कारण वायपर आपल्या मुक्कामाच्या जागी, म्हणजे काचेच्या खालच्या कडेशी, नसतील तर वीज जोडताच मोटर त्यांना तिकडे नेण्यासाठी अचानक फिरू शकते. केबिन पुढे झुकवून काम करायचे असल्यास तिचे लॉक पक्के बसल्याची खात्री करावी.

लक्षण नीट पाहावे

अर्धे निदान नुसत्या निरीक्षणाने होते, पण त्यासाठी वायपर चालू करून काचेवर पाणी सोडत शांतपणे पाहत राहावे लागते. कोरड्या काचेवर वायपर चालवून काढलेला निष्कर्ष फसवा असतो, कारण कोरड्या रबराचे घर्षण ओल्या रबरापेक्षा कितीतरी जास्त असते आणि चांगली मोटरही त्यावर कुंथते. घड्याळ लावून एका मिनिटात वायपर किती वेळा जाऊन परत येतात ते मोजावे. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा मानक क्रमांक १०४ मध्ये जलद गतीला मिनिटाला किमान ४५ फेऱ्या, मंद गतीला किमान २० फेऱ्या आणि दोन्ही गतींमध्ये किमान १५ फेऱ्यांचा फरक सांगितला आहे. ट्रक कुठलाही असो, तुलनेसाठी हे आकडे उपयोगी पडतात. मोजणी इंजिन बंद असताना एकदा आणि इंजिन चालू असताना एकदा करावी. दोन्हींमध्ये मोठा फरक पडला तर मोटरकडे जाणाऱ्या वाटेवर दाब कमी होतो आहे किंवा बॅटरी दुबळी आहे, असे समजावे.

दोन्ही गतींना वायपर सारखेच मंद चालत असतील, तर यांत्रिक अडथळा किंवा कमजोर अर्थ (अर्थिंग, म्हणजे प्रवाहाची बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाकडे परतण्याची वाट) यांपैकी एक कारण जवळजवळ नक्की असते. एकच गती गेली असेल, तर स्विचचा संपर्क, त्या गतीची वायर किंवा मोटरमधील त्या गतीचा कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला घासून वीज देणारा तुकडा) यांच्याकडे पाहावे. एकच वायपर हलतो आणि दुसरा स्थिर राहतो, तेव्हा विजेचा काही संबंध नसतो. लिंक रॉड सुटलेला असतो किंवा आर्मच्या (ब्लेड धरणाऱ्या दांड्याच्या) आतले दाते झिजून गुळगुळीत झालेले असतात. थोडा वेळ चालून थांबणे आणि गार झाल्यावर आपोआप पुन्हा चालणे हे मात्र वेगळे लक्षण आहे. अनेक जुन्या ट्रकमध्ये वायपरच्या सर्किटला फ्यूजऐवजी द्विधातू पट्टीचा सर्किट ब्रेकर असतो, कधी स्विचमध्ये तर कधी मोटरमध्येच. प्रवाह वाढला की पट्टी तापून वाकते व संपर्क तोडते, आणि थंड झाली की पुन्हा जोडते. असा ब्रेकर बदलून काहीच साधत नाही. प्रवाह का वाढला हा प्रश्न तसाच उरतो.

फ्यूज उडत असेल तर तो कोणत्या क्षणी उडतो याकडे लक्ष द्यावे. स्विच लावताच उडाला तर सरळ शॉर्ट आहे. काही मिनिटांनी उडाला तर भार जास्त आहे. आणि वायपर दर वेळी एका ठराविक जागी आल्यावरच उडत असेल, तर लिंक रॉड कुठेतरी वायरिंगला घासून वायरचे आवरण कापतो आहे, असे मानून शोध घ्यावा. जास्त अँपिअरचा फ्यूज घालून वेळ मारून नेणे हा या कामातील सर्वांत वाईट उपाय आहे, कारण त्यानंतर वायरच फ्यूजचे काम करू लागते आणि ती जळते तेव्हा डॅशबोर्डच्या मागे आग लागू शकते.

लिंक सुटी केली की दोष दोन भागांत विभागतो

यंत्रणेतील सर्वांत मोलाची तपासणी एका नटाची किंवा एका क्लिपची असते. मोटरच्या क्रँकवरून लिंक रॉड सुटा करावा, म्हणजे एका बाजूला नुसती मोटर उरते आणि दुसऱ्या बाजूला रॉड, शाफ्ट आणि आर्म यांची साखळी. आता मोटर चालवून पाहावी. ती मोकळेपणाने, एकसारख्या आवाजात आणि दोन्ही गतींना स्पष्ट फरकाने फिरली, तर तिच्यात फारसे बिघडलेले नाही. मग आर्म काचेपासून उचलून धरून हाताने साखळी पूर्ण पल्ल्यात फिरवावी. ती हलक्या हाताने, कुठेही न अडकता फिरायला हवी. जोर लावावा लागला किंवा एखाद्या टप्प्यावर हाताला अडल्यासारखे झाले, तर मोटरला रोज तेच सोसावे लागते आहे.

क्रँकचा नट काढावा लागलाच, तर आधी क्रँक आणि मोटरचा शाफ्ट यांवर जुळणारी खूण करावी आणि क्रँक व्हाइसमध्ये किंवा पान्याने घट्ट धरूनच नट ढिला करावा. क्रँक न धरता नट फिरवला तर तो सगळा जोर आतील नायलॉनच्या गिअरवर येतो आणि त्याचे दाते तुटतात. चांगली मोटर तपासताना खराब करण्याचा हा अगदी सरळ मार्ग आहे.

साखळीतील प्रत्येक सांधा वेगवेगळा हलवून पाहावा. रॉडच्या टोकाची नायलॉनची बुश (सांध्यातील गोल अस्तर) झिजली असेल तर तेथे ढिलाई जाणवते. मग वायपर दोन्ही टोकांना ठोका दिल्यासारखा आवाज करतो किंवा काचेच्या चौकटीवर आपटतो. ढिलाईमुळे मोटरवर भार वाढत नाही, पण एखाद्या दिवशी रॉड निखळतो आणि चालत्या गाडीत दोन्ही वायपर एकदम थांबतात. त्यामुळे अशी बुश तार गुंडाळून वापरत राहू नये, नवी घालावी.

खरा चोर: शाफ्ट

केबिनच्या पत्र्यातून बाहेर आलेला आणि ज्यावर आर्म बसतो तो छोटा शाफ्ट हे जुन्या ट्रकमधील सर्वाधिक दुर्लक्षित ठिकाण आहे. पाऊस, चिखल आणि धुण्याचे पाणी त्याच्यावर सतत पडते. त्याच्या तोंडाशी असलेले रबरी सील वर्षानुवर्षे उन्हात तापून कडक होते आणि चिरते. मग पाणी शाफ्ट आणि त्याची नळी यांच्यामधल्या बारीक फटीत शिरते. आतले ग्रीस धुऊन जाते, पोलादावर गंज चढतो, आणि गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्याने ती फट हळूहळू बुजत जाते. शाफ्ट उपसून काढला तर त्याच्यावर तपकिरी-लाल, ओलसर लगदा दिसतो आणि त्याखाली धातूवर बारीक खड्डे पडलेले असतात. अशा शाफ्टला फिरवण्यासाठी मोटरला नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढावा लागतो.

त्याच चिरलेल्या सीलमधून दुसरे नुकसान होते आणि तेच मोटर पुन्हा पुन्हा खराब होण्याचे मोठे कारण असते. शाफ्टवरून आत उतरलेले पाणी लिंक रॉडवर येते. रॉडचा उतार मोटरच्या दिशेने असेल तर थेंब रॉडच्या कडेने सरकत क्रँकपर्यंत जातात आणि क्रँकच्या बुडाशी असलेल्या फटीतून थेट गिअरच्या पेटीत शिरतात. मोटर उघडल्यावर ग्रीसवर पांढुरका थर आणि पार्क स्विचच्या (वायपर मुक्कामी थांबवणाऱ्या, मोटरमधील स्विचच्या) तांब्याच्या पट्टीवर हिरवट गंज दिसला, तर हे पाणी कोणत्या वाटेने आले हे वर शाफ्टपर्यंत जाऊन पाहिलेच पाहिजे. केवळ मोटर बदलली तर नव्या मोटरचेही तेच होणार.

शाफ्टवर गंज सोडवणारे तेल मारून तो मोकळा केल्याचे समाधान थोडेच दिवस टिकते. ते तेल पातळ असते. ते गंज सैल करते, पण पाणी अडवत नाही आणि उरलेले ग्रीसही विरघळवते. त्याचा उपयोग शाफ्ट बाहेर काढण्यापुरताच करावा. आर्म काढण्याआधी काचेवर ब्लेडची जागा चिकटपट्टीने खुणावून ठेवावी. आर्म घट्ट बसला असेल तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये, त्यासाठी मिळणारा छोटा पुलर वापरावा, कारण उचकटताना पत्रा वाकतो आणि काचही तडकू शकते. मग सर्क्लिप (शाफ्ट जागी धरणारी गोल क्लिप) व वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडून ठेवावेत, शाफ्ट खालच्या बाजूने बाहेर घ्यावा, बारीक पॉलिश पेपरने स्वच्छ करावा आणि नळी आतून कापडाने कोरडी होईपर्यंत पुसावी. खड्डे खोल असतील किंवा शाफ्ट नळीत डुगडुगत असेल तर पूर्ण जोड बदलणेच योग्य ठरते. परत बसवताना पाण्याला दाद न देणारे ग्रीस नळीच्या पूर्ण लांबीत भरावे आणि सील नवे घालावे. सील ही स्वस्त वस्तू आहे म्हणून जुनेच परत बसवण्याचा मोह होतो, पण सगळी दुरुस्ती टिकते ती त्याच्याच भरवशावर.

केबिनचे पत्राकाम किंवा रंगकाम झालेल्या ट्रकमध्ये आणखी एक गोष्ट पाहावी. शाफ्ट धरणारा ब्रॅकेट किंचित तिरका बसला असेल तर शाफ्ट स्वतः स्वच्छ असूनही रॉड पिळला जातो. ब्रॅकेटचे नट थोडे सैल करून साखळी हाताने फिरवत फिरवत ते पुन्हा आवळले की ती आपली योग्य जागा घेते. काचेखालच्या पन्हाळीतील निचऱ्याची भोके पाने आणि मातीने बुजलेली असतील तर ती याच वेळी मोकळी करावी.

दाब कुठे हरवतो

यांत्रिक बाजू मोकळी असूनही वायपर मंद असतील तर विजेकडे वळावे, आणि येथे एक सवय सोडावी लागते: मोटरचा जोड काढून त्यावर मल्टिमीटर लावणे आणि १२ व्होल्ट दिसले म्हणून वायरिंगला निर्दोष ठरवणे. प्रवाह वाहत नसेल तेव्हा खराब जोडही पूर्ण दाब दाखवतो. समजा एका गंजलेल्या जोडाचा रोध फक्त ०.३ ओहम आहे. ५ वॅटचा टेस्ट लॅम्प सुमारे ०.४ अँपिअर घेतो, म्हणून त्या जोडावर जेमतेम ०.१ व्होल्ट पडतो आणि दिवा लख्ख पेटतो. मोटरने ५ अँपिअर ओढले की त्याच जोडावर १.५ व्होल्ट पडतात, मोटरला १०.५ व्होल्टच मिळतात, आणि त्या जोडात ७.५ वॅट उष्णता तयार होते. प्लगचे प्लास्टिक पिवळे पडून वितळू लागते ते यामुळेच.

म्हणून मोजमाप नेहमी मोटर जोडलेली आणि चालू असतानाच घ्यावे. मीटरचे एक टोक मोटरच्या धातूच्या अंगावर आणि दुसरे थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर टेकवावे. १२ व्होल्टच्या ट्रकमध्ये येथे ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर अर्थ खराब आहे. त्याचप्रमाणे बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक आणि मोटरला वीज देणारी वायर यांच्यात ०.५ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर फ्यूजचा होल्डर, इग्निशन स्विच, वायपर स्विच आणि मधले प्लग एकेक करून तपासावेत. ज्या ठिकाणाच्या अलीकडे आणि पलीकडे आकडा उडी मारतो तेथेच दोष असतो.

माझ्या अनुभवात अर्थचा दोष पॉझिटिव्ह बाजूच्या दोषापेक्षा जास्त आढळतो आणि त्याला कारण आहे. मोटर बहुधा रबरी बुशांवर बसवलेली असते, म्हणून तिचे अंग केबिनला थेट टेकत नाही. एका छोट्या वायरने किंवा विणलेल्या पट्टीने ती केबिनला जोडलेली असते. रंगकामात त्या पट्टीच्या बोल्टखाली रंग जातो किंवा मोटर बदलताना ती पट्टी जोडायची राहून जाते. मग प्रवाह लिंक रॉड आणि शाफ्ट यांच्यामधून वाट काढतो, आणि ग्रीस भरलेला सांधा काही वीज वाहून नेण्यासाठी बनवलेला नसतो. झुकणाऱ्या केबिनमध्ये केबिनपासून चॅसीपर्यंतची अर्थची पट्टीही तपासावी. ती बिजागरीपाशी वारंवार वाकून तुटत आलेली असते आणि बाहेरचे आवरण शाबूत असल्याने आतल्या तारा तुटल्याचे दिसत नाही. वायपर लावताच डॅशबोर्डवरचे दिवे मंद होत असतील किंवा इतर काटे हलत असतील, तर याच पट्टीवर पहिला संशय घ्यावा. जोडाच्या जागी पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून, बोल्ट आवळून, वरून ग्रीसचा पातळ थर द्यावा.

ट्रक १२ व्होल्टचा आहे की २४ व्होल्टचा, हे मोटर मागवताना तिच्यावरील पट्टीवरून पडताळावे. काही ट्रकमध्ये मोटरचा परतीचा प्रवाह अंगातून न जाता वेगळ्या वायरने जातो. तेथे अंगाला अर्थ जोडून उपयोग नाही, त्या वायरचाच माग काढावा लागतो.

जुना फिरता किंवा ओढता स्विच गरम होत असेल तर रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा विद्युत स्विच) बसवणे हा चांगला उपाय आहे, पण तो साध्या चार टोकांच्या रिलेने करू नये. ज्या ट्रकमध्ये स्विच मोटरला पॉझिटिव्ह वीज देतो तेथे मंद गतीसाठी पाच टोकांचा रिले घ्यावा: त्याचे ३० क्रमांकाचे टोक मोटरच्या मंद गतीच्या वायरला, ८७ फ्यूजमधून येणाऱ्या विजेला आणि ८७अ पार्कच्या वायरला जोडावे. ८७अ मोकळे राहिले तर वायपर स्विच बंद करताच जागच्या जागी थांबतात.

मोटर उघडताना

लिंक सुटी असतानाही मोटर मंद किंवा अडखळत फिरत असेल, तरच ती उघडावी. कायम चुंबकाच्या मोटरमध्ये तीन कार्बन ब्रश असतात. मंद गतीला समोरासमोरचे दोन ब्रश काम करतात. जलद गतीला तिसरा, बाजूला सरकवलेला ब्रश वापरला जातो, ज्यामुळे आर्मेचरमध्ये (मोटरच्या फिरत्या भागात) उलट निर्माण होणारा दाब कमी राहतो आणि मोटर वेगाने फिरते. एकच गती गेली असेल आणि वायरिंग चांगले असेल तर त्या ब्रशची लांबी आणि त्यामागची स्प्रिंग पाहावी. हलका टोला मारल्यावर चालू होणारी मोटर हेही झिजलेल्या किंवा खोबणीत अडकलेल्या ब्रशचे लक्षण आहे. तो टोला हलकाच असावा, कारण आतील चुंबक ठिसूळ असतात आणि बऱ्याच मोटरमध्ये केवळ चिकटवलेले असतात.

उघडण्यापूर्वी मोटरचे गोल आवरण आणि गिअरची पेटी यांवर आरपार एक रेघ ओढावी. आवरण अर्धा वळसा फिरून उलटे बसले तर चुंबकांचे ध्रुव बदलतात आणि मोटर उलटी फिरते. आवरण ओढताना चुंबक आर्मेचरलाही सोबत ओढतात, ब्रश उसळून बाहेर येतात आणि काही मोटरमध्ये शाफ्टच्या टोकाशी असलेली पोलादाची बारीक गोळी नकळत पडते. म्हणून हे काम पसरलेल्या स्वच्छ कापडावर करावे. कम्युटेटर (आर्मेचरवरील, ब्रश टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) बारीक पॉलिश पेपरने घासावा, पण एमरी कापडाचे कण वीजवाहक असू शकतात, म्हणून ते वापरू नये. कम्युटेटरच्या पट्ट्यांमधल्या खाचा कार्बनच्या भुकटीने भरलेल्या असतात. त्या टोकदार लाकडी काडीने साफ कराव्यात. पट्टी काळी पडून जळालेली असेल किंवा वाइंडिंगला करपल्याचा वास येत असेल तर वेळ न घालवता मोटर बदलावी.

गिअरच्या पेटीतले जुने ग्रीस अनेकदा साबणासारखे घट्ट झालेले असते. ते पूर्ण काढून, रॉकेलने पेटी धुऊन आणि वाळवून, नवे लिथियम ग्रीस भरावे. मात्र पार्क स्विचच्या पट्टीवर ते जाऊ देऊ नये. आर्मेचरच्या टोकाचा स्क्रू आणि त्याचा लॉकनट असेल तर तो ढिलाई जेमतेम नाहीशी होईल इतकाच आवळावा. एक आटा जादा आवळलेला स्क्रू ब्रेकचे काम करतो, आणि मग दुरुस्त केलेली मोटर पहिल्यापेक्षाही मंद चालते.

वायपर मुक्कामी परतत नाहीत

स्विच बंद केल्यावर वायपर काचेच्या खालच्या कडेशी जाऊन थांबतात, कारण मोटरमधील पार्क स्विच त्या जागेपर्यंत वीज चालू ठेवतो आणि तेथे पोहोचल्यावर वीज तोडून आर्मेचरची दोन टोके एकमेकांना जोडतो. या जोडणीमुळे मोटर जनित्रासारखी वागून स्वतःलाच रोखते. वायपर स्विच बंद करताच असेल तेथे थांबत असतील तर पार्क स्विचला सतत मिळणारी वीज तुटलेली आहे किंवा त्याची पट्टी गंजलेली आहे. वायपर मुक्कामाची जागा ओलांडून पुन्हा वर चढत असतील आणि थांबतच नसतील, तर रोखण्याची जोडणी होत नाही. अशा वेळी पार्क स्विचचे पाते वाकलेले असते किंवा वायपर स्विचचा अर्थ तुटलेला असतो. वायपर चुकीच्या जागी पण दर वेळी त्याच जागी थांबत असतील, तर विजेचा दोष नाही, आर्म चुकीच्या दात्यावर बसवला आहे. म्हणून आर्म बसवण्यापूर्वी मोटर एकदा चालवून स्विचने बंद करावी आणि ती मुक्कामी थांबल्यावरच आर्म चढवावेत.

काही जुन्या अवजड ट्रकमध्ये वायपर ब्रेकच्या हवेवर चालतात. तेथे विजेची कोणतीही तपासणी लागू पडत नाही. हवेच्या टाकीतील पाणी नियमित काढले नाही तर ते वायपरच्या छोट्या सिलिंडरमध्ये जाऊन सील खराब करते, आणि वायपर अडखळत चालतो. टाकीचे पाणी काढावे, नळ्यांचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत आणि सील बदलावेत. वरच्या शाफ्टबद्दल जे सांगितले ते येथेही तंतोतंत लागू आहे.

आर्म, ब्लेड आणि काच

मोटर आणि शाफ्ट ठीक असूनही काचेवर रेघा राहत असतील किंवा ब्लेड थरथरत असेल, तर नवे ब्लेड आणण्याआधी आर्म पाहावा. ब्लेड काढून आर्मचे टोक काचेजवळ न्यावे. त्याची सपाट बाजू काचेला समांतर हवी, म्हणजे ब्लेड बसवल्यावर रबर काचेवर काटकोनात उभे राहते. आर्म पिळलेला असेल तर रबर एका दिशेने जाताना छान वळते आणि परतताना अडून उड्या मारते. फक्त एकाच दिशेने थरथर हे याचे खात्रीचे लक्षण. दोन पक्कडींनी आर्म हलकेच पिळून तो सरळ करता येतो. आर्मच्या बिजागरीत गंज असेल तर स्प्रिंगचा दाब काचेपर्यंत पोहोचत नाही, आणि गाडीचा वेग वाढला की ब्लेड काचेवरून उचलले जाते. काचेवरचा तेलकट थर अल्कोहोलने पुसावा. मूळ मापापेक्षा लांब ब्लेड लावू नये. जास्त काच पुसली जाते हे खरे, पण त्याचा भार त्या जुन्याच मोटरला वाहावा लागतो.

सगळे जोडून झाल्यावर काचेवर सतत पाणी सोडत वायपर जलद गतीवर पंधरा-वीस मिनिटे चालवावेत, कारण मूळ तक्रार काही मिनिटांनी उद्भवणारी होती आणि दोन मिनिटांच्या चाचणीत ती दिसणारच नाही. मिनिटाच्या फेऱ्या सुरुवातीला आणि शेवटी मोजाव्यात. आकडा घसरता कामा नये. मग मोटर बंद करून तिच्या अंगाला, फ्यूजच्या होल्डरला आणि प्लगला हात लावून पाहावा. मोटर कोमट असणे स्वाभाविक आहे. हात टेकवता येणार नाही इतकी ती तापली असेल तर लिंक पुन्हा सुटी करून शाफ्टपासून तपासणी सुरू करावी, आणि फक्त प्लग तापला असेल तर त्यातील टोके बदलावीत.